तुटलेल्या स्टडाची कैफियत

मोटारीच्या इंजिनात जेथे एक भाग मऊ धातूचा, दुसरा कठीण धातूचा, आणि त्यांचा जोड वरचेवर उघडावा लागण्याचा संभव, तेथे इंजिनाची आखणी करणारा बोल्ट न घालता स्टड घालतो. म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेली एक बिनडोक्याची पोलादी कांब, जिचे एक टोक हेडात कायमचे बसवावयाचे आणि दुसऱ्या टोकावर नट चढवून जोड आवळावयाचा, जेणेकरून झीज व्हावयाची ती कवडीमोल नटाची व्हावी, हेडातील मऊ आट्यांची होऊ नये. योजना शहाणपणाची आहे. फक्त ही कांब हेडाच्या पृष्ठभागाशी सपाट तुटली म्हणजे पान्याला धरावयास डोके नाही आणि पकडीला धरावयास शेंडा नाही अशी अवस्था प्राप्त होते, आणि आत राहिलेला तुकडा बाहेर कसा काढावयाचा याविषयी कारागिरांत जितकी माणसे तितकी मते निघतात. त्यांपैकी दोन मते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका पद्मिनी गाडीच्या निमित्ताने समोरासमोर उभी ठाकलेली मी ऐकली. एक मत गॅरेजच्या मिस्त्रींचे, दुसरे शेजारीच लेथ आणि मिलिंग मशीन चालविणाऱ्या अण्णांचे. गाडीचे मालक जिल्हा कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ असल्यामुळे, दोघांच्याही म्हणण्याला ‘जबाब’ आणि ‘कैफियत’ असे शब्द तेच लावीत होते, आणि ते मला इतके समर्पक वाटले की येथे तसेच ठेविले आहेत. बोलणाऱ्यांच्या तोंडचा कोल्हापुरी ठसका मात्र माझ्या लेखणीला पेलणारा नसल्यामुळे, त्यांचे बोलणे ग्रांथिक वेषात आले आहे, त्याला इलाज नाही.

गाडीविषयी दोन शब्द. वालचंद समूहाने १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट अकराशे, १९६४ पासून डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी अशी नावे बदलीत बाहेर पडलेले हे वाहन पोटात १०८९ घनसेंटिमीटरचे तेच इंजिन बाळगून होते : ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, आणि हेडाला बिलगलेला, जळका धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पुन्हा बिडाचा. तीन धातू, तीन स्वभाव, आणि त्यांना एकत्र बांधणारे पोलादी स्टड. तक्रार अशी होती की सकाळी इंजिन थंड असताना टिकटिक असा आवाज येई आणि गाडी तापली की तो नाहीसा होई. शिरस्तेदारांनी तो टॅपेटचा आवाज समजून काही काळ सोसला होता. मिस्त्रींनी मॅनिफोल्डाच्या पुढच्या टोकाशी धरलेला काजळीचा पट्टा पाहिला आणि पॅकिंग फुंकते आहे असे क्षणात सांगितले. धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज थांबतो, निवला की उघडते, एवढाच त्यातला चमत्कार.

मॅनिफोल्ड उतरविताना दोन गोष्टी उघडकीस आल्या. अगदी पुढचा स्टड आधीपासूनच तुटलेला होता, नट नुसता काजळीच्या आधारावर उभा होता. आणि त्याच्या शेजारच्या स्टडाचा नट सोडविताना मिस्त्रींच्या हाताखालील पोऱ्याने पाना लावला, जोर केला, पाना फिरू लागला, पोऱ्याचा चेहरा उजळला, आणि तोच स्टड तुटला. जाणत्या हाताला ही फसवणूक ओळखता येते. नट सुटताना कट् असा आवाज होऊन पान्यावरची ओढ एकदम कमी होते. स्टड तुटावयाच्या आधी पाना मऊ लागतो, फिरतो, पण ओढ कमी होत नाही. तो मऊपणा जाणवताच थांबले पाहिजे. पोऱ्या थांबला नाही, आणि येथून वादाला तोंड फुटले.

अण्णा : मिस्त्री, आता यात विचार करण्यासारखे काही उरले नाही. हेड उतरवा आणि माझ्याकडे पाठवा. मिलिंगवर सपाट बांधतो, मधोमध भोक घेतो, जुना तुकडा भुसा करून काढतो, मोठा टॅप मारतो आणि हेलिकॉइल बसवून देतो. संध्याकाळी हेड परत.

मिस्त्री : तुमचे काम तासाभराचे, अण्णा, पण ते तुमच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम कोणी धरायचे? हेड उतरवायचे म्हणजे पाणी सांडायचे, व्हॉल्व्हची यंत्रणा खोलायची, हेडाचे पॅकिंग नवे आणायचे, आणि मुख्य म्हणजे हेड धरून ठेवणाऱ्या, तितक्याच जुन्या स्टडांवर पाना चढवायचा. त्यातला एक तुटला तर? एका आरोपीसाठी सगळ्या आळीची झडती घ्यायची हा कुठला न्याय?

शिरस्तेदारांनी येथे मान डोलविली. झडतीचा दाखला त्यांना मनापासून पटला असावा.

अण्णा : मग काय, दाराशी बसून त्याची मनधरणी करणार? रॉकेल घाला, डिझेल घाला, हातोडीने टिचक्या मारा, उद्या या, परवा या! गिऱ्हाइकाची गाडी अडकून पडते त्याचे मोल कोणी धरीत नाही. जो तुकडा आत राहिला तो निकामी झाला. त्याला अखंड बाहेर काढण्यात काय पुरुषार्थ आहे? मला भोक सरळ हवे, आटे मजबूत हवेत. जुने आटे काही वडिलोपार्जित इनाम नव्हेत की तेच राखले पाहिजेत. उलट हेलिकॉइल म्हणजे काय, तर चौकटच्या आकाराच्या स्टेनलेस तारेचे वेटोळे. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांवर पोलादी अस्तर. विमानांच्या इंजिनांत ही पद्धत मुद्दाम वापरतात, दुरुस्ती म्हणून नव्हे. तुमच्या मूळ आट्यांपेक्षा माझे नवे आटे सरस.

मिस्त्री : सरस असतील. परंतु ते बसविण्यासाठी आठ मिलिमीटरच्या आट्याच्या जागी तुम्हाला त्याहूनही मोठे भोक घ्यावे लागते. आज ते बसले तर ठीक. दहा वर्षांनी तेही गेले, तर पुढच्या माणसाला आणखी मोठे भोक घ्यायला जागा कुठे उरते? मी जे काम करतो ते फसले तर तुमचे दार उघडे आहे. तुम्ही जे करता ते फसले तर माझे दार बंद झालेले असते.

माझ्या मते या संपूर्ण वादात मिस्त्रींचे हे वाक्य सर्वांत वजनदार होते, आणि त्यांनी ते अगदी सहज, हात पुशीत उच्चारले. धीर मोठा की धाडस मोठे, अशा स्वरूपाचा हा प्रश्नच नाही. उपायांचा क्रम कोणता, हा आहे. जो उपाय फसला तरी पुढचा उपाय शाबूत ठेवतो तो आधी करावा, आणि जो उपाय मागचे सर्व मार्ग बुजवून टाकतो तो शेवटी. अण्णांचा उपाय वाईट नव्हता, त्याची पाळी आली नव्हती इतकेच. अर्थात हे अण्णांना सांगण्याचे धाडस मी केले नाही.

मिस्त्रींनी मग विजेरी आणि एक भिंग घेतले, आणि शिरस्तेदारांना जवळ बोलावून दोन्ही तुटलेल्या तोंडांची पाहणी घडविली. पुढच्या स्टडाच्या तोंडाचा मोठा भाग काळपट, तांबूस आणि गुळगुळीत होता, व एका कडेला चिंचोळी, खरबरीत पट्टी होती; म्हणजे तडा केव्हातरी पूर्वी एका बाजूने सुरू झाला, महिनोगणती पुढे सरकत राहिला, आणि उरलेला अंश एके दिवशी अकस्मात तुटला. शेजारच्या स्टडाचे तोंड मात्र सर्वत्र सारखे लखलखीत, आणि त्यावर मधल्या बिंदूभोवती फिरलेले वळसे स्पष्ट दिसत होते. हा पिळून तुटला होता.

मिस्त्री : रावसाहेब, हे दोन वेगळे खटले आहेत. पहिला थकून मेला. मॅनिफोल्ड तापला की लांबीने वाढतो, निवला की आखडतो. मधल्या स्टडांना ते फारसे जाणवत नाही, पण दोन्ही टोकांच्या स्टडांना दर फेरीला वाकवून सरळ केले जाते. म्हणून टोकाचे आधी जातात. याला कोणी पिळलेले नाही, म्हणजे तो आत घट्ट धरला आहे असा पुरावा नाही. दुसऱ्याची गोष्ट उलटी. त्याला पोऱ्याने पिळला, तो फिरला नाही, तुटणे पत्करले. तो आत धरलेला आहे हे त्याने स्वतःच लिहून दिले आहे.

अण्णा : किंवा नट वर धरला होता. गंज नटात असेल, हेडात नसेल.

मिस्त्री : शक्य आहे. तेवढी आशा ठेवू.

पहिल्या स्टडाचे काम फारसे लांबले नाही. त्याच्या तोंडाच्या कडेशी टोकदार छिन्नी तिरकी टेकवून, डावीकडे फिरेल अशा रोखाने लहान हातोडीने टिचक्या मारताच तुकडा हलला, आणि दोन आटे वर आल्यावर मिस्त्रींनी तो बोटांनी फिरवून काढला. अण्णा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या स्टडाकडे वळावे तोच पोऱ्याने, केलेल्या अपराधाचे परिमार्जन करावे या सद्‌बुद्धीने, हत्यारांच्या पेटीतून ईझीआउट आणून पुढे केला. हे एक निमुळते, डाव्या पिळाचे, फार कठीण पोलादाचे हत्यार. तुटलेल्या स्टडात भोक पाडून त्यात हे रुतवावयाचे आणि उलटे फिरवून तुकडा बाहेर काढावयाचा अशी त्याची कल्पना. ते पाहताच, आतापर्यंत एकाही मुद्द्यावर एकमत न झालेले ते दोघे एकाच वेळी ‘नको!’ म्हणून ओरडले.

शिरस्तेदार : अहो, नावातच सोपेपणा आहे, मग नको का?

अण्णा : रावसाहेब, हिशेब करून पाहा. आठ मिलिमीटरचा सबंध स्टड पिळूनसुद्धा आतला भाग फिरला नाही. आता त्याच स्टडाच्या पोटात भोक पाडून त्यात जे हत्यार जाणार ते चार-पाच मिलिमीटरचे. जे काम जाडाला झाले नाही ते बारकाला कसे होईल? त्यातून ते निमुळते. जितके रुतवाल तितके ते स्टडाच्या भिंती बाहेर लोटणार, म्हणजे आट्यांत स्टड अधिकच आवळला जाणार. आणि ते तुटले, म्हणजे आतमध्ये ड्रिलपेक्षा कठीण असा तुकडा बसला. मग माझे ड्रिल त्यावर नुसते घसरते. आगीतून उठून फुफाट्यात!

मिस्त्री : जो स्टड हातानेही निघाला असता त्याला ते हत्यार बरे. त्याला मात्र त्याची गरज नसते.

अण्णांनी पुढे सांगितले की असा तुकडा अडकल्यास हेड स्पार्क मशीनवर न्यावे लागते. विजेच्या ठिणग्यांनी धातू कणाकणाने कुरतडण्याची ही पद्धत सोव्हिएत रशियात लाझारेंको दांपत्याने १९४३ च्या सुमारास सिद्ध केली, आणि आज ज्या गावात साचे बनविणारे टूलरूम आहेत तेथे ती उपलब्ध असते. कठीण-मऊ हा भेद तिला नसल्यामुळे तुटलेला टॅप किंवा ईझीआउट ती निमूटपणे खाऊन टाकते. यावर मिस्त्रींनी तुरटीची गोष्ट काढली. घड्याळजी मंडळी पितळी भागात अडकलेला पोलादी स्क्रू काढण्यासाठी तो भाग तुरटीच्या कढत पाण्यात ठेवितात. तुरटी पोलाद हळूहळू विरघळविते आणि पितळेला शिवत नाही. अण्णा हसले आणि म्हणाले की एवढे हेड उकळावयाचे झाल्यास लग्नाचे पातेले आणावे लागेल. हा भाग येथेच सोडतो. दोघांनीही तो केवळ एकमेकांचे पाणी जोखण्यासाठी काढला होता.

आता उष्णतेचा प्रश्न निघाला, आणि येथे मिस्त्री खऱ्या अर्थाने आपल्या प्रांतात आले. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. हेड दीडशे अंशांपर्यंत सारखे तापविले, तर आठ मिलिमीटरचे भोक स्टडापेक्षा मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग अधिक रुंद होते. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु दोन धातूंच्या सान्निध्याने आट्यांत साचलेला पांढरा क्षार फुटावयास तो अनेकदा पुरतो.

अण्णा : आणि तापविताना हेड वितळवाल! पोलाद तापले की लाल होऊन इशारा देते. अ‍ॅल्युमिनियम तसे करीत नाही. शेवटपर्यंत पांढरेच दिसते आणि मग एकदम खाली बसते. गॅसच्या बत्तीने हेडाचा कोपरा गळून पडलेला मी पाहिला आहे.

मिस्त्री : म्हणून ज्योत एका ठिकाणी धरायची नाही, आणि पाण्याचा थेंब टाकून पाहायचा. तो चर्र करून उडाला की बत्ती बाजूला. लाल करायचा तो स्टड, हेड नव्हे.

स्टड लाल करण्याची मिस्त्रींची रीत वेल्डिंगची होती. बॅटरीच्या वायरी आधी सोडविल्या. तुटलेल्या तोंडावर एक वायसर ठेविला, त्याच्या भोकातून वेल्डिंगचा धातू स्टडावर साचविला, मग त्या उंचवट्यावर नट ठेवून त्याच्या पोटात पुन्हा वेल्डिंग भरले. पोलादाचे वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेडाला बाधा नाही. हेच काम बिडाच्या हेडात करावयाचे असते तर पुष्कळ अधिक सावधगिरी लागली असती. यातील मर्म मात्र नवा नट मिळण्यात नाही. स्टड लाल होताना फुगू पाहतो, पण भोवतीचे भोक त्याला फुगू देत नाही. मऊ झालेला धातू आपल्यातच दाबला जातो, आणि निवताना मूळच्याहून किंचित बारीक होतो. मिस्त्रींनी वेल्डिंग काळे पडेपर्यंत वाट पाहिली, मग उरलेल्या उष्णतेवर मेणबत्तीचे टोक टेकविले. मेण पाण्यासारखे पातळ होऊन आट्यांच्या कडेने आत ओढले गेले. हे मी अगदी जवळून पाहिले. वितळलेल्या मेणाची एक अर्धचंद्राकार रेषा स्टडाभोवती क्षणभर चमकली आणि नाहीशी झाली.

अण्णा : सुंभ जळतो, मिस्त्री, पीळ जळत नाही.

मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. पाना लावून त्यांनी नट आधी उजवीकडे, म्हणजे आवळण्याच्या दिशेने, किंचित फिरविण्याचा प्रयत्न केला. सोडविण्यापूर्वी आवळणे हे नवख्याला विपरीत वाटते; परंतु गंजाची पकड मोडावयाची असते, ती कोणत्याही दिशेने मोडली तरी चालते, आणि बारीकसारीक पुढे-मागे हालचालींनी धातूवर एकदम भार येत नाही. नट हलला. डावीकडे हलला, उजवीकडे हलला, पुन्हा डावीकडे थोडा अधिक. मग वेल्डिंग मोडून नट पान्यासकट हातात आला. पुन्हा वायसर, पुन्हा नट, पुन्हा मेण. आणि पुन्हा तेच. स्टड जागचा हलला होता की नुसता वेल्डिंगचा सांधा पिळला गेला होता, हे कोणालाच ठामपणे सांगता येईना. मिस्त्रींनी हातमोजे काढले आणि अण्णांकडे पाहिले. त्यांच्या पाहण्यात हार होती असे मला वाटले नाही. पाळी बदलल्याची ती सूचना होती.

अण्णांनी हेड उतरविण्याचा आग्रह या वेळी धरला नाही. ते म्हणाले, जागेवरच भोक घेतो, पण हाताने नेम धरून नाही.

मिस्त्री : मॅनिफोल्डाच्या भोकातून ड्रिल घालणार?

अण्णा : मुळीच नाही. मॅनिफोल्डाची भोके स्टडाहून मोठी असतात, आणि हा मॅनिफोल्ड तर इतकी वर्षे तापून वाकला आहे. तो मला स्टडाचा मध्य खोटा दाखवील. पोलाद कठीण, भोवतीचे अ‍ॅल्युमिनियम मऊ. ड्रिलचे टोक थोडे जरी सरकले तरी ते मऊ बाजूला पळणार आणि स्टड तसाच राहून हेडालाच भोक पडणार. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नसेल तर मध्य आधी नक्की केला पाहिजे.

त्यांनी काय केले ते सविस्तर सांगतो, कारण असे काम पाहावयास क्वचित मिळते. शेजारच्या दोन शाबूत स्टडांपासून तुटलेल्या तोंडाचा मध्य व्हर्नियरने मोजून घेतला, बोटभर जाड पोलादी पट्टीला त्या मापाने भोके पाडली, आणि तुटलेल्या स्टडाच्या वर येणाऱ्या भोकात लेथवर कातलेला, कठीण केलेला बुश बसविला. पट्टी शाबूत स्टडांवर चढवून नटांनी हेडाला आवळली. आता ड्रिलला इकडेतिकडे सरकण्याची मुभाच उरली नाही. तत्पूर्वी वेल्डिंगचा उंचवटा त्यांनी घासून सपाट केला, आणि तो वेल्डिंगमुळे कठीण झाला असेल म्हणून पहिले ड्रिल फार सावकाश चालविले. एका बुशाच्या जागी दुसरा, अशा क्रमाने तीन मिलिमीटरपासून पुढे साडेसहापर्यंत जावयाचे होते. आठ मिलिमीटरच्या स्टडाच्या आट्यांचा तळ साधारण तेवढ्यावर येतो, आणि मध्य अचूक साधल्यास भिंतीला केवळ आट्यांचे पातळ वेटोळे उरते, जे सुईसारख्या टोकाने उचकून बाहेर ओढता येते. मध्य अर्धा मिलिमीटर चुकला, तर एका बाजूला ड्रिल हेडाच्या आट्यांत शिरलेच.

आणि ड्रिल डाव्या पिळाचे होते. अण्णांच्या कपाटात ती मोजकीच होती व ती ते कोणालाही देत नसत. डावे ड्रिल उलटे फिरून कापते, म्हणजे कापताना त्याचा जोर स्टड सुटण्याच्या दिशेने पडतो. उजवे ड्रिल तोच स्टड खाली आवळीत जाते.

पाच मिलिमीटरचे ड्रिल अर्ध्यावर गेले असेल, तोच ते एकदम अडले, कापणे थांबले, आणि ड्रिलच्या टोकावर अडकलेला स्टडाचा तुकडा बुशाच्या तळाशी येऊन घासू लागला. अण्णांनी मशीन बंद केले, पट्टी उतरविली आणि तुकडा हाताने फिरवून बाहेर काढला. त्याच्या आट्यांत पांढरी पूड आणि तिच्यावर मेणाचा पिवळसर थर होता. हेडातील आटे शाबूत होते. हेलिकॉइलचे खोके न उघडताच बाजूला राहिले.

मिस्त्री : मेण आत गेले होते, अण्णा.

अण्णा : गेले होते. पण ते बाहेर कोणी आणले?

मिस्त्री : मी दोनदा तापवून बारीक केला नसता तर तुमच्या ड्रिलवर तो आला असता?

अण्णा : मी मध्य धरला नसता तर तुमचे तापविणे तुम्हाला वेल्डिंग मोडून दाखवीत बसले असते.

या मुद्द्यावर निवाडा होण्यासारखा पुरावा उपलब्ध नाही, आणि शिरस्तेदारांनीही तसा अभिप्राय दिला. त्यांना मात्र वेगळ्याच गोष्टीची रुजुवात करून हवी होती.

शिरस्तेदार : पहिला स्टड आधीचाच तुटलेला, तो माझ्या पदरी. दुसरा तुमच्या इसमाच्या हातून तुटला. त्याच्या खर्चाची जोखीम कोणाची?

मिस्त्री : पाना आमचा होता, रावसाहेब. वेल्डिंगचे पैसे मी धरीत नाही.

अण्णा : हे मला मंजूर नाही. पोऱ्याने घाई केली हे खरे. परंतु जो स्टड पिळून निघाला नाही तो कोणाच्याही हातून तुटला असता, आज नाही तर पुढच्या खेपेस. इतकी वर्षे त्या आट्यांत क्षार साचला तो काही पोऱ्याने आणून ओतला नाही. जो कारागीर अशा तुटण्याची भरपाई स्वतः देतो तो पुढच्या वेळी अवघड नटाला हात लावायला भितो, आणि गिऱ्हाइकाला ‘मॅनिफोल्ड उतरवायची गरज नाही’ असे खोटे सांगतो. मी पट्टीचे आणि बुशाचे पैसे घेणार, आणि मिस्त्रींनी वेल्डिंगचे घ्यावेत.

माझे मत अण्णांच्या बाजूने पडते. मात्र एक पोटकलम जोडावेसे वाटते : काम हाती घेण्यापूर्वी, हे तुटू शकते, आणि तुटल्यास एवढा खर्च येईल, हे मालकाला सांगितले पाहिजे. ते येथे कोणीच सांगितले नव्हते. शिरस्तेदारांनी थोडा वेळ विचार केला, दोघांचेही पैसे दिले, आणि पावती मागितली.

नवे स्टड बसविताना पुन्हा मतभेद झाला, तो आट्यांना लावावयाच्या तांब्याच्या पेस्टविषयी. मिस्त्री ती सढळ हाताने लावणार होते. अण्णांचे म्हणणे असे की नट आवळताना हाताने जो जोर लावतो त्याचा सुमारे नऊ दशांश भाग घर्षणातच खर्च होतो, जोड धरून ठेवण्याच्या कामी येतो तो जेमतेम एक दशांश. पेस्ट लावून घर्षण कमी केले आणि टॉर्क पान्यावर आकडा मात्र कोरड्या आट्यांचाच धरला, तर तो एक दशांश भलताच वाढतो आणि स्टड न कळत ताणला जातो. मिस्त्रींनी हे ऐकून घेतले, आकडा थोडा कमी केला आणि पेस्ट लावलीच. नट पितळी घालावयाचे हे दोघांनाही मान्य होते, कारण पितळ पोलादाला गंजून चिकटत नाही आणि वेळ आलीच तर स्टडाच्या आधी स्वतःचे आटे देते.

राहता राहिले मॅनिफोल्डाचे उरलेले स्टड, ज्यांवर अण्णांची पट्टी चढविली होती तेही धरून. वय तेच, उष्णता तीच, क्षारही तोच. अण्णांचे मत पडले की मॅनिफोल्ड उतरलेलाच आहे, हत्यारे बाहेर आहेत, पट्टी तयार आहे, तर सगळे आजच बदलावेत. मागच्या टोकाचा तर थकव्याने आज ना उद्या जाणारच. मिस्त्रींचे मत पडले की जो तुटलेला नाही त्याला हात लावून तोडावयाचा नाही. दोघांनीही आपापल्या जबाबाला पुष्टी म्हणून ती दोन तुटकी तोंडेच पुढे केली : अण्णांनी काळपट, तांबूस तोंडाचा तुकडा, मिस्त्रींनी लखलखीत वळशांचा. शिरस्तेदारांनी दोन्ही तळहातावर घेऊन भिंगातून पाहिले, मागच्या टोकाचा तेवढा बदलावा आणि मधले सोडून द्यावेत असा हुकूम दिला, आणि पोऱ्याला चहा सांगावयास पाठविले. मागच्या स्टडावर गॅसची बत्ती धरण्यापूर्वी मिस्त्रींनी मेणबत्तीचा तुकडा शोधला, तो अण्णांच्या खिशात निघाला.